न घेतलेला नेम

अन्याय झाला तो माझ्या आईवर, काशव्वावर. कधी झाला तेही सांगतो. मी चौदा वर्षांचा होतो त्या वर्षीच्या श्रावणात, तिसऱ्या सोमवारी, गावच्या मठात पूजा आटोपून प्रसादाची पंगत बसत होती तेव्हा. केला माझ्या वडिलांनी, एका वाक्यात. ते वाक्य गावानं उचललं, डोक्यावर घेतलं आणि माझ्या आईच्या गळ्यात बांधलं. त्या काळात निजामाच्या राज्यात अन्याय काही कमी नव्हते, त्यांवर पुढं मी पुष्कळ लिहिलं, कुणी विचारलं तर अजून लिहीन. पण हा अन्याय कुठल्या अमीनानं केला नव्हता, की कुठल्या जहागीरदारानं. तो आमच्याच माणसांनी, हात जोडून, भस्म लावून केला. म्हणून तो आधी.

झालं ते असं. पंगत बसत होती आणि अव्वा, म्हणजे आई, नेहमीप्रमाणे खांबाला टेकून उभी होती. वाढायला पुढं, बसायला मागं. इरप्पा भुसाऱ्याची बायको शांतव्वा, जिची जीभ आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होती, ती पत्रावळ पुढं ओढत मोठ्यानं म्हणाली, "काशव्वा, बस की गं. का घरनंच खाऊन आलीस?" अव्वानं मान हलवली. शांतव्वा बाकीच्या बायांकडं बघून म्हणाली, "खाती कुठं? हाडं मोजून घ्या बाई हिची. बसप्पा कोठीला कुलूप लावतो का काय की!" बाया हसल्या. पुरुषांच्या पंगतीतूनही कुणी तरी हसलं. माझे वडील किराणा दुकानदार. दुकानदाराच्या बायकोचं पोट खपाटीला गेलेलं दिसणं म्हणजे दुकानदाराची अब्रू चव्हाट्यावर. अप्पा तटकन उठले आणि म्हणाले, "नेम हाय तिचा. ताकाबिगर काय तोंडात घालायचं न्हाय म्हणून बोललीय ती."

ज्या बाया हसल्या होत्या त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. शांतव्वाच पहिली उठली आणि अव्वाच्या पाया पडली. अव्वा माझ्याकडं बघत होती. तिनं कुठलाही नेम घेतलेला नव्हता. हे मला ठाऊक होतं, अप्पांना ठाऊक होतं आणि तिला ठाऊक होतं. पण आमच्या लिंगायतांत मठात, लिंगासमोर, दहा माणसांत उच्चारलेला नेम मागं घेता येत नाही. घेतला तर घरावर येतं, गावावर येतं, अशी समजूत. अप्पांनी अब्रू झाकायला एक धडुतं टाकलं, आणि त्याचं कफन व्हायची वेळ आली.

आमचं गाव माकणीच्या अलीकडं, तेरणेच्या काठी. आज तिकडं धरणाचं पाणी आहे, बागायत आहे. तेव्हा नदी उन्हाळ्यात पार आटायची आणि बाया वाळूत झरे उकरून पाणी भरायच्या. घर माळवदाचं, जाड मातीच्या भिंतींचं. पुढच्या खोलीत दुकान, मधल्या खोलीत पोत्यांची थप्पी, मागं चूल. चुलीवर छताला एक सवणं होतं, त्यातून उन्हाची तिरीप खाली यायची आणि सकाळभर स्वयंपाकघरातून सरकत जायची. तिरीप पाट्यापाशी आली की अव्वाची भाकरी थापायची वेळ. तो थपथप आवाज दुकानात गिऱ्हाइकांना ऐकू जायचा. गूळ घ्यायला आलेला माणूस म्हणायचा, "बसप्पा, तुमच्या घरातली भाकर ऐकूनच भूक लागती बगा." अव्वाचं माहेर आळंदच्या बाजूचं, त्यामुळं तिचं मराठी अडखळत चालायचं आणि कानडी धावायचं. राग, लाड, देव, दुखणं हे सगळं कानडीत. हिशेब आणि शेजारीपाजारी मराठीत. अप्पा दुकानात उर्दूही बोलायचे, कारण अंमलदार आला की तीच लागायची. तीन भाषांचं घर, आणि एकाही भाषेत कुणी कुणाला विचारलं नाही, की बाई, तुला होतंय तरी काय.

अव्वाच्या हातचं जेवण मी आजही सांगू शकतो. येसराची आमटी, वर करडईच्या तेलाचा तवंग. शेंगांची चटणी, पाट्यावर वाटलेली, ओलसर. अंबाडीची भाजी, तिच्यात ज्वारीच्या कण्या. सणाला खपली गव्हाची हुग्गी, म्हणजे खीर, गुळानं गडद झालेली, तिच्यात खसखस. ती हुग्गी ढवळायला लागली की शेजारच्या घरातली पोरं आमच्या उंबऱ्यावर येऊन बसायची. हे सगळं ती रांधायची, वाढायची, पण चव म्हणून बोटसुद्धा जिभेला लावत नव्हती. मीठ वासावर ओळखायची आणि चुकत नव्हती.

दुखणं खरं होतं, ते आधीच्या हिवाळ्यातलं. संग्रहणी. खाल्लेलं अंगी लागेना, दिवसातून किती तरी वेळा तांब्या घेऊन तिला ओढ्याकडं जावं लागायचं. लोहाऱ्याहून एक वैद्य आले, त्यांनी पुड्या दिल्या आणि सांगितलं, अन्न बंद, नुसतं ताक. महिनाभरात पोट थांबलं. मग वैद्यांनीच पेज, मग भात, मग भाकरी अशी चढण सांगितली. अव्वा ती चढण चढलीही. वैशाखात तिच्या धाकट्या भावाचं लग्न होतं, तिकडं ती पंगतीत बसून जेवलेली मी पाहिली आहे. पण माहेराहून परत आली ती पुन्हा ताकावर. का, ते कुणाला कळलं नाही. आत्या म्हणाली, माहेरी काही तरी करणी झाली. अप्पा म्हणाले, होईल हळूहळू. ही माझी आत्या, नीलव्वा, अप्पांची थोरली बहीण. विधवा होऊन आमच्याकडंच राहिलेली, घराचा कारभार तिच्या हातात.

मठातल्या त्या सोमवारनंतर आमच्या घराची तऱ्हाच बदलली. पहाटे घुसळलेल्या ताकाचा पहिला तांब्या बाया आमच्या दारात आणायला लागल्या. कुणाच्या म्हशीनं दूध चोरलं, कुणाची सून रुसून गेली, कुणाच्या पोराला गोवर आला, की आधी अव्वाच्या पाया पडायचं. तिला नावही पडलं, ताकव्वा. पाया पडणाऱ्या बाईला अव्वा काय सांगणार? ती म्हणायची, "होईल बरं." आणि कधी कधी बरं व्हायचंही, कारण गोवर आपला आपण बरा होतोच. ज्या शांतव्वानं टोमणा मारला होता ती आता दारात बसून आलेल्यांना सांगायची, "हळू बोला, ध्यानात हाय ती." ती ध्यानात नव्हती. तिला उठून बसल्यावर अंधारी यायची, म्हणून ती डोळे मिटून भिंतीला टेकलेली असायची.

आता माझ्या पोटाची गोष्ट सांगणं भाग आहे, कारण या दुखण्याला दोन पोटं होती. आमच्यात गळ्यातलं लिंग हातावर घेऊन पूजा करायची, वाढलेलं अन्न लिंगाला दाखवायचं आणि मग जेवायचं. दाखवलेलं अन्न हे प्रसाद. त्यातलं शीतसुद्धा टाकायचं नाही. ताट धुऊन ते पाणीही पिऊन टाकायचं. अव्वाचं ताट रोज वाढलं जाई, कारण आत्याच्या मते नेम असला म्हणून लिंगाला उपाशी ठेवायचं नसतं. अव्वा पूजा करायची, ताट दाखवायची, ताकाची वाटी उचलायची आणि ताट माझ्याकडं सरकवायची. "उण्णप्पा," ती म्हणायची, म्हणजे जेव बाळा. मी माझं जेवून मग तिचं जेवायचो. दोन भाकऱ्या माझ्या, दोन तिच्या. सुरुवातीला मजा वाटली, वाढतं वय होतं. मग भूक नसली तरी खायला लागलो. मग भूक म्हणजे काय हेच विसरलो. दुकानातल्या पोत्यातून शेंगा, गूळ, फुटाणे, जे हाताला लागेल ते. पोट टम्म झालं, तडस लागली, तरी हात थांबेना. मला मनातून असं वाटायचं, की मी खाल्लेलं कुठून तरी तिला पोचत असेल. वेडेपणा होता, पण तेव्हा त्याच्यावर माझा विश्वास होता. गोठ्यामागं जाऊन ओकायचो, तोंड धुऊन परत यायचो, आणि तेही कुणाला सांगितलं नाही.

इरप्पा भुसारी रोज दुकानात येऊन बसायचा. मला बघितलं की त्याला चेव यायचा. "काय रं सिद्रामा, अव्वा वाळायलीय अन् तू फुगायलास! तालमीत तरी जा, न्हायतर बसप्पाला पोत्यात अन् पोरात फरक कळायचा न्हाय." अप्पा हसायचे, तराजू सावरायचे आणि हसणं मध्येच सोडून द्यायचे. त्यांना दिसत होतं. माणसाला दिसतं, पण बोललेला शब्द दाराआड कुत्र्यासारखा बसलेला असतो, बाहेर पडू देत नाही.

त्या थंडीत मी पहिल्यांदा पत्रकं लिहायला शिकलो. आमचे गुरुजी सरकारी शाळेत उर्दूतून भूगोल शिकवायचे आणि शाळा सुटल्यावर आम्हा चारपाच पोरांना हातानं पत्रकं उतरवायला बसवायचे. तेव्हा लेव्हीच्या, म्हणजे सक्तीच्या धान्यवसुलीच्या, नावाखाली सरकारी माणसं घराघरातून धान्य नेत होती. मी एका कोळणीवर पत्रक लिहिलं, जिच्या घरातली बियाण्याची ज्वारीसुद्धा नेली होती. भाषा अशी पेटलेली होती की मलाच हुरूप आला. गुरुजींनी वाचलं आणि विचारलं, "ही तुझ्याशी बोलली का?"

"न्हाय जी. पर सगळ्यांना ठाऊक हाय."

"सगळ्यांना ठाऊक असतं तेच बहुधा खोटं असतं. जिच्यावर अन्याय झाला तिला विचारलं नाहीस, तर हे पत्रक तिचं नाही, तुझं आहे. फाड."

मी फाडलं. रागही आला. घरी आलो तर ओट्यावर बाया बसलेल्या, आत अव्वा भिंतीला टेकलेली, आणि शांतव्वा सांगत होती, ताकव्वाला भूक लागतच न्हाय, देवानंच भूक काढून घेतली. सगळ्यांना ठाऊक होतं. मी दारात उभा राहिलो आणि माझ्या लक्षात आलं, की सहासात महिन्यांत या बाईला भूक लागते का, हे मी एकदाही विचारलेलं नाही. मी सुद्धा.

विचारायला मला आणखी दोन महिने लागले. याचं नवल वाटून घेऊ नका. आपल्याकडं मुलगा आईला "जेवलीस का" म्हणतो, तो उत्तर ऐकायला नव्हे. ते रामराम म्हटल्यासारखं असतं. खरंच विचारायचं म्हटलं की जीभ जड होते.

शिवरात्र जवळ आली. एके दिवशी चारपाच बाया आणि दोन जाणते पुरुष दुकानात येऊन बसले. बोलणं शांतव्वाच्या नवऱ्यानं, इरप्पानंच काढलं, आणि या वेळी तो हसत नव्हता. म्हणाला, "बसप्पा, दिवस वाईट आलेत. कुठं जाळपोळ ऐकू येतीय, कुठं लेव्ही. गावाच्या पाठीशी काय तरी पुण्याई पायजे. ताकव्वानं शिवरात्रीपासनं ताकबी सोडावं. नुसतं तीर्थावर ऱ्हावं, चैत्र लागस्तोर. गाव सगळं तिच्या मागं हाय."

अप्पांनी तराजूची दोरी नीट केली. ती नीटच होती. म्हणाले, "विचारतो तिला."

"तिला काय विचारायचं? ती काय आता तुमची एकट्याची ऱ्हायली व्हय?"

मी पोत्यांमागं होतो. अव्वा आत होती, सगळं ऐकत होती. संध्याकाळी अप्पांनी तिला विचारलंच नाही. आणि तिनंही विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी शिवरात्र. तोपर्यंत कुणी "नाही" म्हटलं नाही, तर मठात "हो" असंच धरलं जाणार होतं. आमच्याकडं होकार असाच घेतला जातो, न बोलणाऱ्याच्या तोंडून. नुसत्या तीर्थावर ती चैत्र बघणार नव्हती, हे कळायला वैद्य लागत नव्हता. तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकायच्या.

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही तिघं जेवायला बसलो. अप्पा, मी आणि अव्वा; वाढायला आत्या. भाकरी, अंबाडीची भाजी, शेंगांची चटणी. अव्वानं लिंगाला ताट दाखवलं, ताकाची वाटी घेतली आणि ताट माझ्याकडं सरकवलं. मी ते परत तिच्याकडं सरकवलं.

"उण्णप्पा," ती म्हणाली.

"मी खानार न्हाय."

आत्या चुलीपाशी थबकली. "काय म्हन्लास? पोट बिघडलंय का?"

"पोट फुटायलंय आत्या, बिघडलं न्हाय. ह्ये अव्वाचं ताट हाय. मी आजपातूर खाल्लं. आता न्हाय."

"मग काय कुत्र्याला घालायचं व्हय रं प्रसाद? बसप्पा, बघ रं पोर काय बोलतंय."

अप्पा म्हणाले, "सिद्रामा, ताट असं ठिवायचं नसतं. उचल."

"तुमी खा की."

"मी? बायकूच्या ताटातलं?"

"मग आत्या खाईल."

"माझी व्हायचीय अजून लिंगपूजा, मी कशी खाऊ!" आत्या कडाडली.

प्रसादाचं ताट मध्ये. ते टाकता येत नव्हतं, ठेवून उठता येत नव्हतं, आणि खाणारा मी हात बांधून बसलेलो. पुढं दुकानात कुणी तरी हाक मारत होतं, "बसप्पा, मीठ द्या की!" अप्पा बसल्या जागेवरून ओरडले, "थांब जरा!" गिऱ्हाइकाला थांब म्हणताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. मला त्या क्षणी मोठं शूर वगैरे वाटत नव्हतं. मी अव्वाकडं वळलो आणि जे गुरुजींनी शिकवलं होतं ते केलं. विचारलं.

"अव्वा, तुला भूक लागती का?"

ती ताकाच्या वाटीत बघत राहिली. आत्या काही बोलायला गेली तर अप्पांनी हात वर करून तिला थांबवलं. मला वाटतं त्यांनाही तेच विचारायचं होतं, कधीपासून.

"लागती," अव्वा म्हणाली. मग हळूच, "रोज लागती."

"मग?"

तिनं मराठी सोडली. "अंजिकी बर्तद," ती म्हणाली. भीती वाटते. आणि एकदा सांगायला लागल्यावर ती थांबली नाही, कानडीतच, खाली बघून, सपाट आवाजात, जसं बाजारातनं काय आणलं ते सांगावं. वैशाखात भावाच्या लग्नात पंगतीत बसली. सगळे म्हणाले, बरी झालीस, खा, हुग्गी घे, अजून घे. तिनं घेतली. पंगत उठायच्या आधीच पोटात कळ आली, आणि उठेपर्यंत लुगडं खराब झालं. नव्या सोयऱ्यांच्या मांडवात, भावाच्या लग्नात. ती कुणाला न दिसता मागच्या वाटेनं ओढ्यावर गेली, लुगडं धुतलं, ओलंच नेसली, आणि येऊन सांगितलं, पाय घसरून पाण्यात पडले. सगळे हसले होते. मीही हसलो होतो, मला आठवलं. त्या दिवसानंतर घास तोंडाशी नेला की तो मांडव तिच्या डोळ्यासमोर उभा राहायचा. ताकानं काही होत नाही, एवढंच तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून ताक. देव नाही, व्रत नाही, करणी नाही. लाज. आणि ती लाज सांगायची सोय नव्हती, कारण तोपर्यंत ती गावाची पुण्याई झाली होती. पुण्याईचं लुगडं खराब होत नसतं.

बोलणं संपलं तेव्हा सवण्यातली तिरीप पाट्यावरून पुढं गेली होती. आत्या चुलीकडं तोंड करून बसली होती. तिचे खांदे हलत होते. अप्पा उठले. मला वाटलं, आता मला मारणार. ते पुढं दुकानात गेले, मीठ मागणाऱ्याला "उद्या ये" म्हणाले आणि भर दुपारी दुकानाच्या फळ्या लावल्या. मग मागं आले, रांजणातून तांब्या भरला, मागच्या दाराशी ठेवला आणि दार उघडं टाकलं. परत येऊन आपल्या पाटावर बसले आणि म्हणाले, "हितं कोन सोयरं न्हाय. दार उघडं हाय, पानी भरलेलं हाय. काय झालं तर झालं. लुगडं मी धुईन."

आमच्या गावात, त्या काळात, एका पुरुषानं हे वाक्य बोलणं म्हणजे काय, ते आजच्या वाचकाला समजावून सांगता येणार नाही. मी प्रयत्नही करत नाही.

अव्वानं भाकरीचा पापुद्रा काढला. नखाएवढा. ताकात भिजवला, मऊ होईपर्यंत वाट पाहिली, आणि तोंडात घातला. चावत राहिली, फार वेळ. आम्ही तिघं तिच्याकडं बघायचं नाही म्हणून भिंतीकडं बघत होतो. मग तिनं दुसरा पापुद्रा काढला. काही झालं नाही. तिसऱ्यानंतर ती म्हणाली, "साकु," पुरे. उरलेलं ताट अप्पांनी ओढलं आणि निमूट जेवले. बायकोच्या ताटातलं.

दुसऱ्या दिवशी शिवरात्र. मठ भरलेला. इरप्पानं अव्वाला पुढं बोलावलं, तेव्हा पुढं गेले अप्पा. त्यांना भाषण येत नव्हतं. ते म्हणाले, "नेम तिचा न्हवता. म्या खोटं बोललो हुतो. तुमी हसायला लागलाव म्हणून बोललो. तिला संग्रहणी हुती, अजून पुरती गेली न्हाय. ती आजपासनं जेवनार हाय. पाप असंल तर माझ्या नावावर घाला." मठातले स्वामी म्हणाले, "जो नेम घेतलाच नाही, तो मोडणार कसा?" आणि अव्वाला बोलावून हातावर केळं ठेवलं. पण स्वामी बोलले म्हणून गाव बोलायचं थांबत नाही. शांतव्वा पायरीवर उभी राहून म्हणाली, "आमी काय येडी हुतो व्हय इतके दिस पाया पडायला?" तिचाही राग खोटा नव्हता. तिच्या पोराचा गोवर अव्वाच्या पाया पडल्यावर उतरला होता. त्याचं पुण्य आता कुणाच्या पदरात टाकायचं, हे तिला कळेना.

ताकाचे तांबे बंद झाले. पुढच्या वर्षी रझाकारांचा धुमाकूळ आमच्या भागात आला, गावातल्या दोन गंजी पेटल्या, तेव्हा काही माणसं म्हणाली, ताकव्वानं नेम मोडला त्याचं हे फळ. म्हणजे आधी तिच्या उपासाचा मालक गाव, आणि मग तिच्या जेवणाचाही मालक गाव. अशा गोष्टी ऐकल्या की आज इतक्या वर्षांनीही माझे कान गरम होतात. अव्वा मात्र ऐकून घ्यायची आणि चुलीवर कण्या शिजवायची, ताकातल्या, मऊ. त्या तिला सोसायला लागल्या होत्या. वर्षभरात भात, मग भाकरीचा पोपडा. पूर्ण भाकरी तिनं पुन्हा कधी खाल्ली की नाही, सांगता येत नाही. पंगतीत मात्र ती परत कधीच बसली नाही. माझ्या लग्नातही नाही. तेव्हा मांडव सजला होता, हुग्गी तिनंच ढवळली होती, आणि सगळे उठल्यावर ती आत, दार लोटून, एकटी जेवली. मी कुणाला तिला बोलवायला जाऊ दिलं नाही. जेवली ना, पुरे.

माझं दुखणं तिच्यापेक्षा चिवट निघालं. भरलेलं ताट बघितलं की घाम फुटावा आणि रिकामं बघितलं की हात शेंगांकडं जावा, असं कित्येक वर्षं चाललं. पुढं पत्रकांपायी तुरुंगात गेलो, तिथं एक वेळचं मोजकं अन्न मिळायचं तेव्हा, खोटं सांगत नाही, मला जरा सुटल्यासारखं वाटायचं. आता म्हाताऱ्या वयात दात नाहीत आणि गोडी गेली, म्हणून भांडण मिटलंय. माझी नात ताटात अर्धी पोळी ठेवून उठते. तिची आई रागावते, "अन्न टाकू नये." मी सुनेला म्हणतो, राहू दे. अन्न टाकल्यानं पाप लागत नाही, पोराच्या पोटात कोंबल्यानं लागतं. ती म्हणते, "मामा, तुम्ही लाडावून ठेवलंय." ठेवलंय.

हे मी आईच्या कौतुकासाठी लिहिलेलं नाही. तिचं कौतुक गावानं पुष्कळ केलं होतं, आणि कौतुकानंच ती मरायला टेकली होती. मी हे तुमच्यासाठी लिहिलं आहे, वाचणाऱ्यांसाठी. तुमच्या घरात अशी एक बाई आहे, जिचे उपास तुम्ही पाहुण्यांना अभिमानानं सांगता. किंवा जी सगळ्यांचं झाल्यावर जेवते आणि काय जेवते ते कुणी पाहिलेलं नाही. किंवा एखादं पोर आहे, जे खाऊन खाऊन सुजतंय आणि तुम्ही त्याला पैलवान म्हणून हसता. आज त्या माणसापाशी जाऊन बसा. चारचौघांत नको, दार लोटून. विचारा, भूक लागते का. "न्हाय" असं उत्तर आलं तर मान डोलावून उठू नका. विचारा, कधीपासून? आणि ते माणूस बोलेपर्यंत तिथून हलू नका.